कोंबड्या एकमेकींना टोचू लागल्या तर : कोकणातल्या परसातल्या कळपासाठी

जुलैतली सकाळ होती. चार दिवस पाऊस खळला नव्हता. खुराड्याचं दार उघडलं तशा कोंबड्या धडपडत बाहेर आल्या, एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, मात्र आत कोपऱ्यात पडून राहिली. अंग थंडगार. शेपटीखालचा भाग पोखरलेला, आतडं बाहेर ओढलेलं. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, मुंगूस. पण दाराची कडी मी रात्री लावली होती तशीच होती, चिऱ्यांत फट नव्हती, जाळी शाबूत होती. मग बाहेर आलेल्या कोंबड्यांकडे नीट पाहिलं. दोघींच्या चोचीच्या कडांना रक्त सुकलेलं होतं, एकीच्या गळ्याखालच्या पिसांवरही डाग होते.

शेजारच्या काकी कुंपणापलीकडून बघत होत्या. "कोंबडी वायट नाय गो," त्या म्हणाल्या, "खुराडो ल्हान पडता तेंका."

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी तेव्हा चौदा कोंबड्या होत्या आणि खुराडं होतं ओट्याच्या पोटातलं, चिऱ्यांचं, सासऱ्यांच्या वेळचं. त्या एका वाक्यावर मी पुढची काही वर्षं काम केलं आहे. ज्यांच्या परसात दहा-वीस कोंबड्या आहेत आणि पावसाळा आला की त्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मुंगूस की चोच? आधी जखम बघा

जखम अंगावर नेमकी कुठे आहे, एवढ्यावरून निम्मं कारण कळतं. मुंगूस आणि रानमांजर बहुतेक वेळा मान किंवा डोकं धरतात, आणि आत शिरायची वाट सापडली की एकीवर थांबत नाहीत. बंद खुराड्यात, मागून पोखरलेली एकच कोंबडी सापडली तर काम बहुधा आतल्यांचं असतं.

जिवंत असेल तर तिला उचला, पंख मिटवून काखेत धरा आणि फुंकर मारत पिसं बाजूला करून कातडी बघा.

तुऱ्यावर, गलोलीवर (चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीवर), डोक्याच्या मागे बारीक खपल्या असतील तर ती मानपानाची भांडणं. कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे हे पोरवयापासून कोंबड्या बघत आले होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ही उतरंड पहिल्यांदा शास्त्राच्या भाषेत मांडली. आपल्याकडच्या आज्यांना ती ठाऊकच होती: कुठली कोंबडी आधी खाते आणि कुठली मागे थांबते, हे त्या नावानिशी सांगायच्या. उतरंड एकदा ठरली की वरच्या कोंबडीने नुसती मान ताठ केली तरी खालची बाजूला होते. या भांडणात हात घालू नये. रक्त वाहायला लागलं, किंवा हरलेलीला दाणा-पाणीच मिळेनासं झालं, तरच मध्ये पडायचं.

शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागात पिसं उपटलेली, देठं तुटलेली दिसली तर प्रकार अगदी निराळा आहे. टोचणारी इथे रागावलेली नसते. ती सावकाश मागून येते, एक पीस ओढते आणि बरेचदा गिळूनही टाकते. कोंबडी हा दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ उकरण्यात आणि टोचण्यात घालवणारा पक्षी. तिच्या चोचीला माती, पालापाचोळा, किडे मिळाले नाहीत की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. म्हणूनच अशा कोंबडीला हाकलून, मारून काही होत नाही. तिला उकरायला काहीतरी द्यावं लागतं.

गुदद्वाराची जखम सगळ्यांत घातक. अंडं घालताना आतला ओला, लालभडक भाग क्षणभर बाहेर येतो. दुसरीला तो उजेडात दिसला की ती टोचते, रक्त दिसलं की तिसरी येते, आणि मग थोड्या वेळात कोंबडी हाताची जाते. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगा, अंगाच्या मानाने मोठं अंडं घालणाऱ्या आणि नुसत्या तांदळावर चरबी चढलेल्या कोंबड्या यांना जास्त जपावं. आमची गेलेली तलंग अंड्यावर येऊन आठवडाही झाला नव्हता.

पाठीवर दोन्ही बाजूंना सारखीच पिसं झिजलेली आणि पंखांच्या मुळाशी ओरखडे असतील तर तो कोंब्याच्या, म्हणजे नराच्या, नखांचा प्रताप. मान, छाती, पाठ सगळीकडची पिसं गळताहेत, कातडी मात्र स्वच्छ आहे आणि काट्यांसारखी नवी पिसं फुटताहेत, तर ती पीसगळ. दरवर्षी होते, रोग नव्हे. आणि एक गल्लत फार होते ती देवीची. पावसाळ्यात आणि त्यानंतर डास वाढले की देवी पसरते. तुऱ्यावर, डोळ्यांच्या कडांना, चोचीच्या कोपऱ्यात चामखिळीसारख्या गाठी उठतात आणि त्यांच्या काळ्या खपल्या होतात. टोचल्याची खपली चपटी आणि एकांडी असते. देवीच्या गाठी उंच असतात आणि एका पाठोपाठ एक बऱ्याच कोंबड्यांना येतात. देवी असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी पशुवैद्य गाठा.

पहिल्या तासात काय करायचं

रक्त दिसलेली कोंबडी त्या क्षणी वेगळी करा. संध्याकाळी बघू म्हणून चालत नाही. लाल रंगावर कोंबड्यांची नजर चटकन बसते आणि एकीचं बघून दुसरी शिकते. आमच्याकडे डालगं (कोंबड्या ठेवायची बांबूची टोपली) कायम पडवीत टांगलेलं असतं ते यासाठीच. खाली गोणपाट, त्यावर पेंढा, करवंटीत पाणी, बाजूला मूठभर दाणे. डालगं शक्यतो बाकीच्यांना दिसेल पण त्यांची चोच पोचणार नाही अशा जागी ठेवा. कळपाच्या नजरेआड आठ-दहा दिवस राहिलेली कोंबडी परत नेली की तिला परकी समजून नव्याने मार बसतो.

जखम धुवायला उकळून कोमट केलेलं पाणी, लिटरमागे दोन चहाचे चमचे मीठ. कापसाने पुसू नका, तंतू अडकतात. पाणी ओतून किंवा बिनसुईच्या सिरिंजने धार मारून घाण काढा. मग पोव्हिडोन आयोडीनचं पातळ केलेलं द्रावण लावा. वरून हळद आणि खोबरेल तेलाचा लेप दिला तर जखमेचा लाल रंगही झाकला जातो, आणि ते अर्धं औषधच आहे. कोंबडीच्या जखमेवर डांबर, जळकं ऑइल, रॉकेल चोपडण्याची आपल्याकडे सवय आहे. कृपा करून ते करू नका. कातडी भाजते, आणि कोंबडी चोचीने पिसं साफ करताना ते पोटात जातं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची, माश्या. उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत किडे पडतात, विशेषतः गुदद्वारापाशी, जिथे पिसांना शीट चिकटलेली असते. म्हणून तिथली घाण पिसं कात्रीने कापून टाका, डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका आणि सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा. किडे दिसले तर चिमट्याने एकेक काढा आणि मिठाच्या पाण्याने परत धुवा. जखमेच्या भोवती, आत नव्हे, कडुलिंबाचं तेल लावा. आतडं बाहेर आलं असेल, किडे खोलवर असतील किंवा कोंबडी मान टाकून बसली असेल तर घरगुती उपाय थांबवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या शासनाच्या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. अँटिबायोटिकची गोळी स्वतःच्या मनाने कुस्करून घालू नका. डॉक्टरांनी ती दिलीच तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांना विचारून घ्या.

एक दिवस नुसतं बसून बघा

जखमी कोंबडी सुरक्षित झाली की घाईने काही बदलू नका. एक दिवस काढा. पहाटे दार उघडण्याआधी, दुपारी बाराच्या सुमारास आणि दिवेलागणीला पंधरा-पंधरा मिनिटं खुराड्यापाशी शांत बसा. कोण टोचते, कुठे टोचते, केव्हा टोचते, वहीत लिहा. खाणं घातल्यावर मारामारी होत असेल तर भांडी कमी पडताहेत. दुपारी होत असेल तर उकाडा किंवा रिकामपण. दिवेलागणीला होत असेल तर बसायच्या दांड्यावर जागा नाही. पहाटे, दार उघडण्याआधी होत असेल तर तुम्ही दार उशिरा उघडता. आमच्याकडे हेच निघालं. पावसात मी आळसाने साडेआठ करायचे. कोंबड्या उजाडल्यापासून अडीच तास अंधुक उजेडात दाटीवाटीने उभ्या, उपाशी, आणि समोर फक्त एकमेकींच्या शेपट्या. ती तलंग त्याच वेळात गेली असणार. आजही पहाटे पावसाचा आवाज आला की मी उठून बसते.

जागा

काकींचं म्हणणं कशामुळे खरं होतं ते सांगते. ओट्यातलं किंवा पायरीखालचं जुनं खुराडं फक्त रात्रीपुरतं बांधलेलं होतं. उजाडलं की कोंबड्या खळ्यात, आगरात, उकिरड्यावर, पार बांधापर्यंत. तेवढ्यापुरतं एकीमागे दीड-दोन चौरस फूट पुष्कळ झालं. आता कुत्री वाढली, वाडीतून गाड्या जातात, शेजाऱ्यांच्या भाजीचं कुंपण आहे, आणि जूनपासून चार महिने पाऊस. मग रात्रीच्या त्याच खोलीत आपण त्यांना दिवसही काढायला लावतो.

दिवसभर कोंडायचं असेल तर आत एकीमागे किमान चार चौरस फूट धरा, आणि त्याशिवाय छप्पर असलेली मोकळी जागा आठ-दहा चौरस फूट. चौदा कोंबड्यांना म्हणजे ही मोकळी जागाच बारा फूट लांब, दहा फूट रुंद. मोठी वाटते, पण बऱ्याच घरांत ती असतेच: पडवीचा एक भाग, मांगराची पडळ, गुरं नसलेला गोठा. आम्ही पडवीच्या टोकाला बांबू उभे केले, खालचे अडीच फूट बारीक तारेची जाळी आणि वर मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधलं. जाळं सैल ठेवू नका, कोंबडीची मान आणि पाय अडकतात. वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे नैऋत्येला, ताडपत्री किंवा नारळाच्या चुडताच्या झापांचा आडोसा हवाच. तिरप्या सरींनी जमीन भिजली की सगळी मेहनत फुकट.

दांडे एकीमागे आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर लांबीचे. सगळे एकाच उंचीवर बांधले तर उंच जागेसाठीची भांडणं कमी होतात. अंड्यांच्या टोपल्या चार-पाच कोंबड्यांमागे एक, अंधाऱ्या कोपऱ्यात, तोंडावर गोणपाटाचा पडदा. गुदद्वार टोचण्यावर माझ्या अनुभवात या पडद्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही. अंडं घालणारी कोणाला दिसतच नाही.

आणि लपायला जागा ठेवा. एक फळी तिरकी टेकवून, एक पाटी उपडी टाकून, केळीच्या सोपांचा भारा कोपऱ्यात ठेवून. मार खाणारीला नजरेआड होता आलं पाहिजे. मोकळ्या चौकोनी खोलीत ती पळाली तरी समोरच राहते.

खालची जमीन आणि हवा

जमिनीवर भाताच्या तुसाचा चार इंच थर घाला. करवतीचा भुसा मिळाला तर मिसळा. दर दोन दिवसांनी काठीने ढवळा. मूठभर तूस घट्ट दाबून बघा: मूठ उघडल्यावर तो मोकळा झाला तर ठीक, गोळा राहिला तर ओला आहे. ओला भाग काढून टाका आणि नवीन थर घाला. कधीतरी खाली वाकून, कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळ्यांना चरचरलं तर तो अमोनिया. आपण उभ्याने आत-बाहेर करतो म्हणून आपल्याला कळत नाही, त्या चोवीस तास त्यात असतात. डोळे चुरचुरणारी, दमट अंगाची कोंबडी चिडचिडीच होणार.

रात्री मुंगसाच्या भीतीने खुराड्यात एलईडी दिवा जळत ठेवण्याची पद्धत हल्ली बरीच दिसते. तो बंद करा. उजेड दिवसाकाठी सोळा तासांच्या वर नको. झोप झाली नाही आणि उजेड भगभगीत असला की टोचणं वाढतं. मुंगसासाठी जाळी आणि कडी घट्ट करा.

चोचीला काम

पावसात कोंडलेल्या कोंबड्यांना दिवसभराचं काम पुरवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि लोक नेमका हाच सोडून देतात. दाणे भांड्यात एकदम न ओतता त्यातला चौथा भाग तुसात विखरून टाका. दिवसातून तीन वेळा, थोडे थोडे. शेवग्याच्या पाल्याची जुडी दोरीने त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. श्रावण-भाद्रपदात पिकून पिवळं झालेलं, घरात कोणी खात नाही असं तवसं (मोठी काकडी) उभं चिरून टांगलं की बघा काय होतं: आधी सगळ्या मान तिरकी करून लांब उभ्या राहतात, मग एक धीट कोंबडी चोच मारते, तवसं गर्रकन फिरतं, त्या मागे सरतात, पुन्हा येतात. दोन तासांत सालीची कमान तेवढी उरते. त्या दोन तासांत कोणी कोणाच्या शेपटीकडे बघितलेलं नसतं. केळीचा गाभा बारीक चिरून, उकडलेल्या फणसाच्या आठळ्या ठेचून, नारळाचा रस काढून उरलेला चव, वाळवी लागलेलं जुनं लाकूड असं काहीही चालतं. आंबट, बुरशी आलेलं मात्र नको.

राखेचं खोकं विसरू नका. उन्हाळ्यात कोंबड्या आंब्याखाली मातीत लोळतात, ते अंगावरचे किडे झाडण्यासाठी. पावसात कोरडी माती कुठून मिळणार? म्हणून मे महिन्यातच दोन गोणी कोरडी माती आणि वाळू भरून ठेवा. दोन फूट लांबी-रुंदीच्या खोक्यात माती, वाळू आणि चुलीतली पूर्ण थंड झालेली लाकडाची राख सम भागात घालून पडवीत ठेवा, वर कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा चुरा.

खाणं

घरातला उरलेला भात आणि कणी एवढ्यावर ठेवलेली कोंबडी पिसं खाते. बाहेर फिरताना ती किडे, गोगलगाई, वाळवी खाऊन प्रथिनांची भर घालते. कोंडल्यावर ती भर आपण घालायची. तांदळात प्रथिनं जेमतेम सात-आठ टक्के, आणि अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के लागतात. पीस म्हणजे तर जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे पीसगळीच्या दिवसांत गरज आणखी वाढते.

मी पावसाळ्यात करते ते मिश्रण असं: मक्याचा भरडा ५ किलो, कणी १ किलो, भाताचा कोंडा १ किलो, सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड २ किलो, सुकवलेला जवळा किंवा सुकट अर्धा किलो, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. दहा किलोच्या आसपास होतं आणि प्रथिनं साधारण सतरा-अठरा टक्के पडतात. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला ऐंशी ते शंभर ग्रॅम. मिठाची कमतरता हेही टोचण्याचं एक कारण आहे, म्हणून ते वगळू नका. पण सुकट खारवलेली असेल तर ती धुवून वाळवून घ्या आणि वरचं मीठ घालू नका. जास्त मीठ कोंबडीला विष ठरतं. तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा. अंडं घालणाऱ्या हवं तेवढं खातात, लहानांना त्याची सक्ती होत नाही.

पेंड दमट हवेत फार लवकर बुरसते आणि बुरशीचं विष यकृत खातं. पंधरा दिवसांपुरतीच आणा, डब्यात ठेवा, वास बदलला तर सरळ खतात टाका.

खाण्याच्या भांड्याची लांबी एकीमागे चार इंच धरा. आम्ही पोफळीची पन्हळ वापरतो, दोन्ही बाजूंनी खाता येतं. एकच लांब पन्हळ ठेवण्यापेक्षा दोन आखूड, लांब लांब ठेवा. पाणीही दोन ठिकाणी. गिरिराजसारख्या अंगाने दांडग्या कोंबड्या गावठींबरोबर असतील तर हे अगदी आवश्यक, नाहीतर हलकी गावठी दिवसभर उष्ट्यावर राहते.

अंगावरचे किडे

रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा आणि दांड्यांच्या खालच्या बाजूला, फटींमध्ये बघा. दिवसा लपून रात्री रक्त पिणारे तांबडे बारीक किडे तेव्हाच दिसतात. पांढरा कागद दांड्यावर घासला की लाल रेघा उमटतात. उवा अंगावरच राहतात: गुदद्वाराभोवतीच्या पिसांच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे झुबके बघा. खाज सुटलेली कोंबडी स्वतःची पिसं कुरतडते, रक्त निघतं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच. दांडे काढून उकळतं पाणी ओता, भिंतीला चुना मारा, तूस पूर्ण बदला आणि आठवड्याने पुन्हा तेच करा, कारण अंड्यातून नवे किडे निघतात. त्याने भागलं नाही तर पशुवैद्याकडून कोंबड्यांसाठीचंच औषध घ्या. आंब्यावर मारून उरलेलं फवारणीचं औषध खुराड्यात मारू नका. असं करून एका रात्रीत अख्खा कळप गमावलेलं घर मी पाहिलं आहे.

तरीही एकच कोंबडी ऐकत नसेल

एवढं सगळं केल्यावर बहुतेक कळप दोन-तीन आठवड्यांत निवळतो. कधी कधी एकीला मात्र सवय जडलेली असते. तुमच्या वहीत तिचंच नाव पुन्हा पुन्हा येईल. तिला वेगळी करा, मार खाणारीला नव्हे. चार ते सात दिवस दुसऱ्या जागी, चांगलं खाणं देऊन. तेवढ्यात उतरंडीतली तिची जागा मोडते आणि परत आल्यावर तिला खालून सुरुवात करावी लागते. दुसऱ्यांदाही तेच झालं तर तिला मोकळं फिरायला मिळेल अशा घरी देऊन टाकणं बरं.

चोचीचं टोक कापण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. घरच्या कळपात ते करू नका. चोचीच्या टोकात मज्जातंतू आहेत, कापल्यावर कोंबडीला दुखतं, खाणं कमी होतं, आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

कोंब्यांचं गणित सोपं आहे: आठ-दहा कोंबड्यांमागे एक. देवाच्या राखणीला द्यायचा म्हणून दुसरा, गटारीला म्हणून तिसरा असे कोंबे एकाच खुराड्यात वाढले तर कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात. जादा कोंबे वयात आले की वेगळे ठेवा. असील रक्ताचे कोंबे आणि कोंबड्याही जात्याच भांडखोर. त्यांना मिश्र कळपात घालूच नये. कोंब्याची नखी फार टोकदार झाली असेल तर कानसेने फक्त टोक बोथट करा.

नवीन कोंबडी आणताना

बाजारातून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडली तर मार ठरलेला, आणि मानमोडी (राणीखेत रोग) आली तर कळपच जायचा. आधी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, तिचं भांडं वेगळं, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करून हात धुवा. मग आठ-दहा दिवस जाळ्याच्या पलीकडे, म्हणजे त्या एकमेकींना बघतील, खातील शेजारी शेजारी, पण चोच पोचणार नाही. शेवटी काळोख पडल्यावर दांड्यावर नेऊन बसवा. एकटी कधी आणू नका. दोन-तीन असल्या की मार वाटला जातो. आणि अंगाने मोठ्यांच्या बरोबरीची झाल्याशिवाय तलंग मोठ्यांत सोडू नका.

आणलेल्या पिल्लांबाबत थोडक्यात: पायाची बोटं टोचताना दिसली तर बहुधा उकाडा, दाटी किंवा भगभगीत दिवा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. पिल्लं दिव्याखाली ढीग करून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापताहेत तर गरम होतं आहे. दिवा थोडा वर घ्या, जागा वाढवा. खुडूक कोंबडीच्या पंखाखालच्या पिल्लांत हे मी क्वचितच पाहिलं. ती त्यांना दिवसभर उकरायला शिकवत असते.

बरी झालेली परत सोडताना

मुळापासून उपटलेलं पीस काही आठवड्यांत फुटायला लागतं; अर्धं तुटलेलं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. फुटणाऱ्या पिसाच्या निळसर देठात रक्त असतं, आणि कोंबड्यांना ते बरोबर दिसतं. म्हणून जखम सुकली एवढ्यावर घाई करू नका; देठं उघडून पिसाचा पंखा पसरेपर्यंत थांबा. मग रात्री, बाकीच्या डोळे मिटून बसल्या की तिला दांड्याच्या टोकाला नव्हे, मधे, एखाद्या शांत कोंबडीच्या शेजारी ठेवा. आणि सकाळी तुम्ही त्यांच्या आधी उठा. उजाडायच्या वेळी खाणं दोन्ही पन्हळींत घातलेलं असू दे, शेवग्याची जुडी टांगलेली असू दे, मगच दार उघडा आणि पहिला अर्धा तास तिथेच बसा. माझी एक तांबडी कोंबडी अशी सव्वा महिन्याने परत गेली. बाहेर आल्यावर मोठीने तिला एकदा डोक्यावर टोचलं, ती दोन पावलं मागे सरली, आणि मग दोघी एकाच पन्हळीत, समोरासमोर, खायला लागल्या.